घरातल्या कॅसेटी आणि यंत्राची साक्ष

गोव्यातील कितीतरी घरांत कपाटाच्या वरच्या खणात किंवा माळ्यावरच्या पेटीत व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. १९८० च्या दशकापासून कुवेत, बहारीन, दुबई अशा ठिकाणी नोकरीला असलेल्या गोमंतकीयांनी सुट्टीवर येताना आधी व्हीसीआर आणि पुढे हातात मावणारा कॅमेरा आणला, आणि लग्न, मुंज, बारसे, चवथ म्हणजे गणेशचतुर्थी, गावची जात्रा यांचे चित्रण घरोघर होऊ लागले. जे परदेशी राहिले त्यांच्यासाठी इथल्या लग्नाच्या कॅसेटी तिकडे गेल्या, तिकडच्या वाढदिवसांच्या कॅसेटी इकडे आल्या. त्या कॅसेटींचे करायचे काय, हा प्रश्न आता नव्या रूपात समोर आला आहे, कारण तासन्‌तासांचे चित्रण तपासून, चेहरे जुळवून, बोलणे लिहून काढून प्रसंगवार लावून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने सामान्य माणसाच्या आवाक्यात आली आहेत. ती वापरावीत का, आणि वापरायची तर कोणत्या कामासाठी, यावर कुटुंबांनी आणि आपल्या सार्वजनिक संस्थांनी विचार केला पाहिजे. माझे मत असे आहे की ती जरूर वापरावीत, पण त्यांच्याकडे शोधण्याचे आणि क्रम लावण्याचे काम द्यावे, साक्षीचे काम देऊ नये. चित्रात कोण आहे, ते अंगण कोणाचे, त्या दिवशी काय चालले होते, हे सांगण्याचा अधिकार तिथे हजर असलेल्या माणसांचा आहे. ती माणसे आज ऐंशीच्या घरात आहेत. यंत्राचे मोल मला वाटते ते एवढ्यासाठीच, की त्यांचा उरलेला वेळ शोधाशोधीत न जाता सांगण्यात जाऊ शकतो.

हा विषय प्रत्येक घराचा खासगी मामला आहे, असे म्हणून तो बाजूला सारता येत नाही. गोव्यात राज्यकारभाराचे कागद जपण्याची व्यवस्था १५९५ पासून आहे आणि पणजीच्या पुराभिलेखागारात चार शतकांहून अधिक काळचे दप्तर आजही पाहायला मिळते. त्या दप्तरात करार आहेत, महसूल आहे, पत्रव्यवहार आहे. सामान्य घरातल्या बायका स्वयंपाकघरात एकमेकींशी कशा बोलत, चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधताना कोण कोणाला काय सांगत असे, पंगतीत वाढणारी मुले कशी धावत, हे त्यात असणे शक्यच नव्हते. ते सारे प्रथमच, आणि बहुतेक वेळा नकळत, या कॅसेटींत उतरले. १९८६ च्या जुलैत मांडवीवरचा पूल कोसळला आणि पुढची काही वर्षे पणजी-बेतीची वाहतूक पुन्हा फेरीबोटीवर आली. त्या काळातल्या एखाद्या वरातीच्या चित्रणात तो धक्का, ती गर्दी, फेरीत उभी राहिलेली नवरी आपोआप येते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाली; त्याआधीची शेते आणि डोंगरउतार मुंजीच्या मिरवणुकीमागे दिसतात. पेडण्यातल्या मोपाच्या पठारावर २०२२ च्या डिसेंबरात विमानतळाचे उद्‌घाटन झाले. तिथल्या कुटुंबांच्या कॅसेटींत ते पठार विमानतळापूर्वीचे असणार. साळावली धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या कुर्डी गावाला ही संधी मिळाली नाही, कारण घरगुती कॅमेरा सर्वत्र पोहोचण्याआधीच ते गाव उठले होते. ज्यांना ती मिळाली त्यांनी तिची किंमत ओळखायला हवी.

घुमट या मातीच्या तालवाद्याचेच उदाहरण घ्यावे. २०१९ मध्ये गोवा सरकारने घुमटाला वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. पूर्वी या वाद्याला घोरपडीचे कातडे लावीत. वन्यजीव संरक्षणाच्या १९७२ च्या कायद्यामुळे ते बंद होऊन हळूहळू बकऱ्याचे कातडे आले. जुन्या कातड्याचा नाद आणि नव्याचा नाद एक नाही, हे घुमट वाजवणारा कोणीही सांगेल. चवथीच्या रात्री घरच्या माणसांनी म्हटलेल्या घुमट आरतीचे जुने चित्रण म्हणूनच त्या कुटुंबाइतकेच गोव्याच्या संगीतासाठीही मोलाचे आहे. आता हेच चित्रण आवाज स्वच्छ करणाऱ्या एखाद्या साधनातून काढले, तर काय होते पाहा. ही साधने बहुधा मानवी बोलणे हाच कामाचा आवाज मानून घडवलेली असतात. बोलणे वर आणायचे आणि बाकीचे दाबायचे, हा त्यांचा धर्म. आरतीतला घुमट आणि शामेळ यांचा ठेका मग पार्श्वभूमीचा गोंगाट ठरून मागे ढकलला जातो. मूळ प्रत जपलेली असेल तर यात नुकसान नाही. ती टाकून देऊन स्वच्छ केलेली तेवढी ठेवली, तर जे जपायचे होते तेच गेले.

मूळ प्रतीचा मुद्दा सर्वांत आधी मांडला पाहिजे, कारण अनेकजण क्रम उलटा लावतात: कोणते साधन चांगले याची चौकशी करीत राहतात आणि कॅसेट मात्र पेटीतच राहते. चुंबकीय फितीचे आयुष्य मर्यादित असते. प्लास्टिकच्या पट्टीवर चुंबकीय कण ज्या चिकट थराने धरून ठेवलेले असतात, तो थर हवेतले पाणी शोषून हळूहळू विघटित होतो. गोव्यात पावसाळ्याचे चार महिने हवेत जो ओलावा असतो, त्यात हे काम वेगाने होते आणि फितीवर पांढरी बुरशीही चढते. अशी बुरशी आलेली कॅसेट तशीच व्हीसीआरमध्ये घातली, तर फीत वाचणारे शीर्ष (हेड) खराब होते आणि त्यानंतर घातलेल्या चांगल्या कॅसेटीलाही धोका पोहोचतो. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय दृक्‌श्राव्य संग्रहालयाने २०१५ मध्येच इशारा दिला होता, की २०२५ पर्यंत ज्या फितींचे संगणकीय रूपांतर होणार नाही त्यांतल्या बऱ्याचशा कायमच्या हातच्या जातील. युनेस्कोने ध्वनी-दृक्‌श्राव्य संग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेबरोबर २०१९ मध्ये याच काळजीने जगभर धोक्याची सूचना दिली. त्या मागे फितीच्या नाशाइतकेच मोठे कारण यंत्रांच्या नाशाचे होते. घरोघरी असलेल्या व्हीएचएस प्रकारच्या कॅसेटी वाचणारी यंत्रे बनवणारी शेवटची मोठी जपानी कंपनी फुनाई हिने २०१६ च्या जुलैत उत्पादन थांबवले. आज जे व्हीसीआर चालतात ते जुने आहेत आणि त्यांचे सुटे भाग जुन्याच यंत्रांतून काढावे लागतात.

म्हणून आधी रूपांतर, मग रचना. कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने दरवर्षी सुधारत आहेत. आज जमले नाही ते काम पाच वर्षांनी अधिक चांगले जमेल. कॅसेट आणि कॅसेट ओळखणारे माणूस यांच्या बाबतीत मात्र दरवर्षी उलटेच होत जाणार. ज्या दोन गोष्टी थांबू शकत नाहीत त्यांच्याकडे आधी धावायचे, एवढा साधा हिशेब यात आहे.

रूपांतर झाल्यावर मात्र यंत्राचा उपयोग मोठा आहे, आणि तो नाकारणाऱ्यांशी मी सहमत नाही. साधी व्हीएचएस कॅसेट तीन तासांची असते. एखाद्या एकत्र कुटुंबात वीस कॅसेटी निघाल्या, तर साठ तासांचे चित्रण झाले. कोणत्या कॅसेटीत काय आहे याची नोंद खोक्यावर नसते, किंवा असते ती चुकीची असते, कारण एका लग्नाच्या शेवटी उरलेल्या फितीवर पुढच्या वर्षीची चवथ घेतलेली असते आणि दोहोंच्या मध्ये दूरदर्शनवरचा एखादा कार्यक्रमही असतो. ब्याऐंशी वर्षांच्या आत्येला साठ तास पडद्यासमोर बसवणे हे क्रौर्य आहे, आणि ती बसणारही नाही. दृश्य कोठे बदलते ते ओळखून लांब फितीचे तुकडे पाडणे, रिकाम्या निळ्या पडद्याचे पल्ले वेगळे काढणे, चित्राच्या कोपऱ्यात उमटलेली तारीख वाचून तुकड्यांना क्रम लावणे, साधारण सारखे दिसणारे चेहरे एका जागी आणणे, ही कामे यंत्र एका रात्रीत करते. मिनीडीव्ही या छोट्या डिजिटल कॅसेटींच्या बाबतीत तर तारीख आणि वेळ फितीतच साठवलेली असते, त्यामुळे प्रसंग वेगळे करण्यासाठी फारशा बुद्धिमत्तेचीही गरज लागत नाही. एवढे झाले की आत्येसमोर अर्ध्या तासात शंभर निवडक चौकटी, म्हणजे चित्रणातली स्थिर चित्रे, ठेवता येतात आणि तिने फक्त बोलायचे असते. छायाचित्रे लावण्यासाठी घडवलेली बरीच साधने लांब चित्रणातली एखादीच चौकट तपासतात, हे मात्र ध्यानात ठेवावे. तुकडे आधी पाडले नाहीत, तर तीन तासांच्या कॅसेटीतून एका नवरीचा चेहरा तेवढा हाती लागतो.

अडचण सुरू होते ती क्रम लावण्यापलीकडे यंत्र जेव्हा नावे सांगू लागते तिथे. व्हीएचएसचे चित्र मुळात अस्पष्ट असते, आणि दूरवर बसलेल्या माणसाचा चेहरा त्यात काही मोजक्या ठिपक्यांचा असतो. त्यातून चुलत भावंडे एकमेकांसारखी दिसतात. एकाच घरातल्या तीन भावांना यंत्र सहज एक करून टाकते, आणि पाच वर्षांची मुलगी व तीच पंचवीस वर्षांची नवरी यांना दोन निराळ्या व्यक्ती ठरवते. अशी चूक माणूसही करतो. फरक असा, की माणूस अडखळतो, ‘हा थोरला असेल, की मधला?’ असे विचारतो; यंत्राने लावलेले नाव मात्र एकदा चिकटले की पुढच्या पिढीला ते ठाम माहितीसारखेच दिसते.

तारखांचेही तसेच आहे. कॅमेऱ्याचे घड्याळ कोणी लावलेलेच नसे, किंवा आतली छोटी बॅटरी संपल्यावर ते मूळपदावर जाई. कुवेतहून आणलेला कॅमेरा कुवेतच्याच वेळेवर चालत राहिला, तर गोव्यात साडेसातला झालेली आरती चित्रात पाच वाजता झालेली दिसते, कारण दोन्ही ठिकाणच्या वेळेत अडीच तासांचे अंतर आहे. काही कॅमेरे आधी महिना आणि मग दिवस लिहीत. यंत्र आकडे अचूक वाचते आणि त्यातून चुकीचा निष्कर्ष काढते. याउलट घरातला माणूस गणपतीकडे बघून सांगतो, की त्या वर्षी चवथ ऑगस्टअखेरीस आली होती, म्हणून माटोळीला अमुक फळे मिळाली नव्हती. जुन्या पंचांगात चतुर्थीची तिथी पाहिली की वर्ष पक्के होते. कोणत्या सुनेच्या कडेवर कोणते मूल आहे, यावरूनही वर्ष ठरते. हे ज्ञान चित्रात नाही, ते चित्राबाहेरच्या माणसांकडे आहे, आणि कितीही सामर्थ्यवान झालेल्या यंत्राला ते चित्रातून काढता येणार नाही.

भाषेच्या बाबतीत मला अधिक सविस्तर लिहिले पाहिजे, कारण गोव्यात ही गोष्ट नाजूक आहे आणि मराठीत लिहिणाऱ्यांनीच ती आधी बोलून दाखवावी असे मला वाटते. आमच्यापैकी बहुतेकांच्या घरात बोलणे कोकणी असते. आरत्या, भजने, देवळातले नाटक, पत्रव्यवहार आणि वाचन मराठीत चालते. जुन्या पिढीच्या तोंडी पोर्तुगीज शब्द येतात, भटजींचे संस्कृत असते, आखातातून आलेला मामा मध्येच हिंदी बोलतो. पाच मिनिटांच्या चित्रणात हे सगळे असते. आता बोलणे लिहून काढणारे सर्वांत प्रचलित खुले साधन घ्या. ओपनएआयने २०२२ च्या सप्टेंबरात प्रसिद्ध केलेले व्हिस्पर हे सुमारे ६,८०,००० तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवलेले आहे आणि ते नव्वदहून अधिक भाषा ओळखते. त्यांत मराठी आहे, पोर्तुगीज आहे, संस्कृतही आहे. कोकणी नाही. हे साधन साधारणपणे सुरुवातीच्या तीस सेकंदांवरून भाषा ठरवते. चित्रण आरतीने सुरू झाले असेल, तर पुढचे कोकणी बोलणेही ते मराठी समजून लिहू लागते आणि जो मजकूर तयार होतो तो कोकणी नसतो व मराठीही नसतो. त्यातले बरेच शब्द अर्थपूर्ण वाटतात, हाच त्यातला धोका.

१९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषा केले आणि मराठीच्या शासकीय वापराला जागा ठेवली. त्याआधीच्या वर्षांतले आंदोलन आणि कटुता ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे समजावण्याची गरज नाही. घरातली आजी कोकणीत जे बोलली ते यंत्राने मोडक्या मराठीत उतरवले आणि तोच मजकूर उद्या त्या घराची नोंद म्हणून टिकला, तर कोकणीवर अन्याय होतो आणि मराठीचाही सन्मान होत नाही. गोव्यातल्या मराठीचे जे स्थान आहे ते आरतीत, नाटकात आणि ग्रंथात कमावलेले आहे. आजीच्या बोलण्यावर तिचा शिक्का मारून ते वाढणार नाही. कोकणीसाठी प्रयत्न होत आहेत हे खरे आहे. १९९२ मध्ये कोकणीचा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला, आणि मद्रास आयआयटीतील एआयफॉरभारत या गटाने अनुसूचीतल्या सर्व २२ भाषांसाठी बोलणे लिहिणारी प्रारूपे खुली केली आहेत. परंतु पेडण्याची कोकणी, साष्टीची कोकणी आणि काणकोणची कोकणी यांत जो फरक आहे, तो तीस वर्षांपूर्वीच्या फितीवरच्या खरखरीतून ओळखण्याइतकी तयारी त्यांच्याकडून आज धरणे योग्य नव्हे.

आणखी एक गोष्ट आहे. व्हिस्पर कधी कधी न बोललेली वाक्ये लिहिते. अमेरिकी संशोधकांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात व्हिस्परने लिहिलेल्या सुमारे एक टक्का तुकड्यांत मुळात नसलेली पूर्ण वाक्ये किंवा वाक्यांश सापडले, आणि जिथे बोलण्याविना जाणारा वेळ अधिक तिथे हे अधिक घडले. घरगुती चित्रण म्हणजे अशा वेळाचेच भांडार असते: कॅमेरा चालू आहे, कोणी काही बोलत नाही, पंखा फिरतो आहे, मागे भांडी वाजतात. गेलेल्या माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले वाक्य घातले जाणे, ही एक टक्क्याची गोष्ट असली तरी मला असह्य वाटते. म्हणून यंत्राने लिहिलेला मजकूर शोधण्याच्या सोयीपुरता ठेवावा. ‘माटोळी’ असा शब्द टाकून त्या जागी पोहोचता आले की त्याचे काम झाले. अवतरण म्हणून तो कोणी वापरू नये.

याच कारणासाठी निवडक क्षणांची आपोआप चित्रफीत करून देणाऱ्या सोयीबद्दल मला विशेष सावधगिरी बाळगावीशी वाटते. यंत्राला समोरून दिसणारे, हसरे, नीट प्रकाशातले चेहरे आवडतात. थरथरणारी, अंधारी, विनाकारण लांबलेली दृश्ये ते वगळायला सुचवते. आपल्या कॅसेटींत बायका कोठे आहेत ते आठवून पाहा. वधू सोडली, तर बाकीच्या पाठमोऱ्या आहेत, चुलीपुढे वाकलेल्या आहेत, दाराआडून डोकावताहेत, कॅमेरा वळताच पदर तोंडावर घेताहेत. कॅमेरा हाती असलेला काका चुकून मागच्या अंगणात गेला म्हणून नारळ खवणारी, केळीच्या पानांचे गठ्ठे सोडणारी, भाताचे तपेले दोघींनी उचलणारी माणसे चित्रात आली. ज्या कामगारांनी मांडव घातला, ज्यांनी पत्रावळी उचलल्या, तेही तिथेच आहेत. ही दृश्ये काकाला नको होती आणि यंत्रालाही नको आहेत. तीस वर्षांनी त्यांच्याइतके मोलाचे त्या कॅसेटीत दुसरे काही नाही, असे मी म्हणेन. मंगलाष्टकांच्या वेळचे चेहरे तर छायाचित्रांच्या अल्बमातही आहेत. वगळण्याचा अधिकार यंत्राला देऊच नये. साठवणुकीचा खर्च आज एवढा उतरला आहे, की वगळण्याची गरजही उरलेली नाही: मिनीडीव्हीचे एक तासाचे मूळ चित्रण सुमारे १३ गिगाबाइट जागा घेते, आणि साध्या बाह्य डिस्कवर अशी शेकडो तासांची चित्रणे मावतात. डिस्क मात्र दोन हव्यात, आणि त्यांतली एक दुसऱ्या घरी.

अस्पष्ट चित्र मोठे आणि रेखीव करून देणाऱ्या साधनांबद्दल थोडक्यात. ही साधने हरवलेला तपशील परत आणत नाहीत, तिथे काय असेल याचा अंदाज रंगवतात. पणजीचा चेहरा तीस ठिपक्यांचा असेल, तर रेखीव होऊन येणारे नाक आणि डोळे पणजीचे नसतात. भिंतीवर लावण्यासाठी ज्याला असे चित्र करायचे त्याने करावे, पण ते मूळ म्हणून साठवू नये. गेलेल्या माणसाचा आवाज घेऊन त्याला नवी वाक्ये बोलायला लावण्याचा प्रकार मला सर्वस्वी अमान्य आहे. त्याच्या बाजूने दुःखाचे कारण सांगितले जाते, पण ज्याचा आवाज आहे त्याला नकार देण्याची संधीच नसते.

मग साक्ष कशी घ्यावी? गोव्यात त्यासाठी वेगळा मुहूर्त शोधावा लागत नाही, कारण चवथीला मुंबई-पुण्याचे, परदेशातले सारे मूळ घरी जमतात. आधी पाडलेले तुकडे मोठ्या पडद्यावर लावावेत, वडीलधाऱ्यांना मध्ये बसवावे, आणि ते जे सांगतील ते फोनवर ध्वनिमुद्रित करावे, त्यांच्याच बोलीत, कोणीही त्याचे प्रमाण मराठी वा प्रमाण कोकणी न करता. प्रत्येक तुकड्याबरोबर साधी मजकुराची नोंद असावी: कॅसेटीच्या खोक्यावर लिहिलेले शब्द जसेच्या तसे, कोणी काय सांगितले, केव्हा सांगितले, आणि यंत्राचा अंदाज काय होता, ते वेगळ्या ओळीत. दोन वडीलधाऱ्यांचे एकमत झाले नाही, तर दोन्ही म्हणणी लिहावीत. आजोला वाटते ती १९८९ ची मुंज, आत्ये म्हणते १९९१ ची. हा मतभेद मिटवण्याचा मोह तरुणांना होतो, विशेषतः एकच वर्ष भरायची चौकट समोर असेल तेव्हा. तो मतभेदही त्या घराचाच भाग आहे. कदाचित तिसऱ्या कॅसेटीतून उत्तर निघेल, कदाचित निघणार नाही.

या सगळ्यात दुसऱ्यांच्या खासगीपणाचा प्रश्न आहे, आणि तो आपल्याकडे फार हलका घेतला जातो. लग्नाच्या चित्रणात पाचशे माणसे असतात. कॅसेट मात्र एकाच घरची. पुतण्या ती परदेशातल्या कोणा कंपनीच्या संगणकावर चढवतो आणि सगळ्यांचे चेहरे एका क्षणात मोजमापाचे विषय होतात. व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा भारतीय कायदा व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, म्हणजे पुतण्याला कायदा अडवत नाही. त्याला अडवायचे ते घरच्या मर्यादेनेच. माघ-पौषात मांडावर बायकांनी बायकांसाठी घातलेले धालो म्हणजे गाणी आणि नाच, जात्रेत कोणाच्या अंगात आलेला भार, नंतर मोडलेले लग्न, भाऊबंदकीतल्या वाटणीपूर्वीचे घर, ही चित्रणे कोणाला दाखवायची आणि कोणाला नाही, याचे शहाणपण घरातल्या मोठ्यांना असते. मुलांना न्हाऊ घालण्याची दृश्ये तर प्रत्येक घरच्या कॅसेटीत आहेत. अमेरिकेत एका बापाने आजारी मुलाची डॉक्टरांसाठी काढलेली छायाचित्रे स्वयंचलित तपासणीत आक्षेपार्ह ठरली आणि पोलिसांनी निर्दोष ठरवल्यावरही त्याचे खाते परत मिळाले नाही, ही बातमी २०२२ मध्ये जगभर गाजली होती. खाते गेले म्हणजे त्यातले सगळे गेले. यावर उपाय आहे आणि तो महाग नाही: व्हिस्पर हे इंटरनेट बंद ठेवूनही स्वतःच्या संगणकावर चालते, आणि चेहरे जुळवण्यासाठी डिजीकॅम किंवा इमिच यांसारखी खुली साधने घरच्या यंत्रावरच काम करतात.

परंतु ती बसवायला जाणकार लागतो, चांगला संगणक लागतो, चालू व्हीसीआर लागतो, आणि हे प्रत्येक घराला जमणारे नाही. सत्तरी तालुक्यातल्या किंवा काणकोणच्या डोंगराळ भागातल्या कुटुंबाला तर दुकानदाराकडे कॅसेट देऊन जे मिळेल ते घेण्यावाचून पर्याय नसतो. म्हणूनच मी याला सार्वजनिक प्रश्न म्हणतो. १८३२ पासूनची परंपरा सांगणारे पणजीचे कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आणि तालुक्या-तालुक्यांतली सार्वजनिक ग्रंथालये यांच्याकडे जागा आहे आणि लोकांचा विश्वासही आहे. तिथे एक खोली असावी, जिचा संगणक इंटरनेटला जोडलेला नसेल, जिथे माणूस आपली कॅसेट घेऊन येईल, ती समोर बसून रूपांतरित करून घेईल, तुकडे आणि यादी घेऊन घरी जाईल. ग्रंथालयाने काहीही स्वतःकडे ठेवू नये; ज्या कुटुंबाला एखादे चित्रण, समजा घुमट आरतीचे किंवा गावच्या शिगम्याचे, अभ्यासकांसाठी द्यावेसे वाटेल त्यानेच लेखी संमतीने द्यावे, आणि ती संमती पुढे मागे घेण्याची मोकळीक असावी.

सरकारी पैसा लोकांच्या लग्नाच्या कॅसेटींवर का खर्चायचा, असे विचारणारे भेटतात. गोवा राज्य आपला वारसा दाखवण्यावर पुष्कळ खर्च करते. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव इथे भरतो आणि दरवर्षी जगभरचे चित्रपट आपण पाहुण्यासारखे सन्मानाने दाखवतो. गोव्यातल्या माणसांनी गोव्यातल्या माणसांचे घेतलेले चित्रण ओल्या पेटीत कुजते आहे, आणि त्याला वाचवण्याचा खर्च एका खोलीचा, काही जुन्या यंत्रांचा आणि दोन माणसांच्या पगाराचा आहे. दुसरा आक्षेप अधिक विचार करण्याजोगा आहे: सरकारी खोलीत गेलेली खासगी चित्रणे कधीतरी कोणाच्या हाती लागणार नाहीत कशावरून? त्याचे उत्तर प्रत न ठेवण्याच्या नियमात आहे, आणि तो नियम कागदावर राहू नये म्हणून रूपांतर मालकाच्या डोळ्यांसमोर आणि त्याच्याच डिस्कवर व्हायला हवे.

या कामात सर्वांत दुर्मीळ गोष्ट संगणक नाही, साधनही नाही. व्हीसीआर उघडून त्याचे शीर्ष साफ करणारे, पट्टे बदलणारे, तुटलेली फीत नव्या खोक्यात बसवणारे हात आता थोडे उरले आहेत, आणि ती माणसेही वयाने मोठी आहेत. ग्रंथालयांनी अशा कारागिरांना मानधन देऊन बोलवावे, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधल्या मुलांना त्यांच्या हाताखाली द्यावे, आणि चालू स्थितीतले व्हीसीआर व जुने कॅमेरे लोकांकडून आत्ताच विकत घेऊन ठेवावेत. हे काम पुढच्या पावसाळ्यापूर्वी सुरू करता येईल.